उणे अठ्ठ्याऐंशी माणसांचं गाव

बार्रा सेका,
रविवार दुपार

प्रिय तेओ,

तुझ्या सूत्राप्रमाणे आज आपल्या गावात उणे अठ्ठ्याऐंशी माणसं राहतात. त्यांतलीच एक, म्हणजे तुझी मावशी, तुला हे पत्र लिहिते आहे. गुडघा सोडला तर माझी तब्येत ठणठणीत आहे. सकाळी केळी मीच कुटली, माचुका केली, शेजारच्या उण्या माणसांकडेही वाटी वाटी गेली. शाळेचं छप्पर वाऱ्याने पुन्हा उचकटलं होतं, ते मुलांच्या उण्या बापांनी शनिवारी बसवून दिलं आणि वर जेवून गेले. मी फोनच करणार होते. पण फोनवर मी चिडते, तू गप्प होतोस, आणि शेवटी दोघंही हवापाण्यावर बोलून फोन ठेवतो. पत्रात तुला मध्येच 'मावशी, मीटिंग आहे' असं म्हणता येणार नाही, म्हणून पत्र.

गुरुवारी कोर्टात तू येणार आहेस हे आम्हाला कळलं आहे. तुझ्या सरकारी ऑफिसने तज्ज्ञ म्हणून तुझंच नाव दिलं आहे. राजधानीत बसून तुला ही केस म्हणजे एक फाईल वाटत असेल, म्हणून ती इथून कशी दिसते ते सांगते. हॉटेलवाल्या कंपनीला सरकारने खाडी आणि समुद्र यांच्यामधली आपली पट्टी १९९१ साली दिली. त्याआधी इथे गाव होतं का, एवढाच प्रश्न आहे. होतं असेल तर जमीन आपली. नसेल तर आम्ही घुसखोर, आणि पावसाळ्याआधी घरं मोडून चालतं व्हायचं. आपले गारिफुना लोक या किनाऱ्याला लागले त्याला दोनशेच्या वर वर्षं झाली, पण कोर्टाला कागद लागतो. जुनं चर्च आणि वाळूतल्या कबरी मिच वादळाने समुद्रात नेल्या. पालिकेत जे काही होतं ते त्याच पुरात भिजून गेलं. म्हाताऱ्यांनी साक्षी दिल्या, तर कंपनीचा वकील म्हणाला की हे सगळे हितसंबंधी साक्षीदार आहेत, यांचीच घरं आहेत, हे दुसरं काय सांगणार. त्याच्या बाजूला मात्र भक्कम कागद आहे. तुमच्या अहवालाचं एकेचाळिसावं पान. त्यावर एक सूत्र आहे, सूत्राखाली एक वाक्य आहे, आणि वाक्याखाली तुझी सही आहे.

सही मी लगेच ओळखली. नववीत तू उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचास तेव्हाही शेवटचं अक्षर असंच लांब ओढायचास. तुला बहुपदी मीच शिकवली, याच शाळेत, याच छपराखाली. आठवतं का, पुस्तकात एका बेटावरच्या सशांचं उदाहरण होतं. t वर्ग अधिक चार t अधिक बारा. मी विचारलं, आलेख Y अक्षाला कुठे छेदतो? तू हात वर न करताच ओरडलास, "बारा!" आणि खाली बसलास. मी म्हटलं, "बारा काय?" "बारा ससे, बाई." "कधी?" "सुरुवातीला." मी म्हटलं, "कोणाच्या सुरुवातीला? सशांच्या की मोजणाऱ्याच्या?" वर्ग हसला आणि तू फुगून बसलास. संध्याकाळी घरी आल्यावरही तोंड पाडून होतास. "सगळ्यांसमोर कशाला विचारलंस, उत्तर बरोबर होतं ना?" उत्तर बरोबरच होतं. पण t शून्य म्हणजे जगाचा आरंभ नव्हे रे. कोणीतरी एक माणूस कधीतरी घड्याळ लावून मोजायला उभा राहिला, तो क्षण म्हणजे शून्य. ससे त्याच्याआधीही गवत खात होते. म्हणून माझ्या वर्गात नुसता आकडा लिहून गुण मिळत नसत. 'मी मोजायला सुरुवात केली त्या वर्षी इथे इतके जीव होते' असं पूर्ण वाक्य लिहायचं, आणि ते खरं वाटतं का ते स्वतःशी वाचून बघायचं. तू सूत्रं सगळ्यांत आधी सोडवायचास आणि वाक्य लिहायचा कंटाळा करायचास. मी तुझे गुण कापायचे आणि मग रात्रीच्या जेवणात तुला माशाचा मोठा तुकडा वाढायचे. तुकडा वाढायला नको होता असं आता वाटतं.

एकेचाळिसाव्या पानावर तू वाक्यही लिहिलं आहेस, हे मात्र कबूल केलं पाहिजे. तीन मोजण्या तुझ्या हातात आल्या. १९९० साली शून्य, २००० साली तीनशे दहा, २०१० साली तीनशे चाळीस. या तिन्ही बिंदूंतून तू एक वर्गबहुपदी नेलीस: पंचेचाळीस t उणे एक पूर्णांक चार दशांश t वर्ग. मी ती पाटीवर तपासली. t दहा घातला, तीनशे दहा आले. t वीस घातला, तीनशे चाळीस आले. बीजगणितात तुझी चूक निघेल अशी आशा मला नव्हतीच, मीच शिकवलं आहे. स्थिरपद नाही, म्हणून वक्र बरोबर मूळबिंदूतून निघतो. आणि मग तुझं वाक्य. 'Y अक्षावरील छेद शून्य असल्याने आधारवर्ष १९९० मध्ये सदर ठिकाणी वस्ती नव्हती. सध्याची वस्ती त्यानंतर आलेल्या स्थलांतरितांची आहे.' तेओ, हे वाक्य मी चुलीपाशी उभी राहून वाचलं आणि मला इतका राग आला की भात करपला. सोळा वर्षांचा होईपर्यंत तू या वाळूत लोळलास. सेवेरोकाकांच्या होडीतून तू खाडीत किती वेळा पडलास याची गणती नाही. तुझे पणजोबा इथल्या माडांखाली पुरले होते आणि त्यांच्या कबरीवर बसून तू शहाळी फोडायचास. आणि तू लिहितोस, वस्ती नव्हती.

मी तेव्हा तुला फोन केला होता. तू म्हणालास, "मावशी, मॉडेल डेटावर चालतं. डेटा शून्य म्हणतो, मी काय करू?" मी विचारलं, "डेटा काय स्वतःच्या पायांनी तुझ्या टेबलावर आला होता?" तू म्हणालास, "तू समजून घेत नाहीस." मी चांगली समजून घेते. तू नोकरीत नवा होतास, वरच्याने तीन आकडे हातात ठेवले आणि सूत्र मागितलं. पण आकडा वाचताना माणसाने अक्कल गहाण ठेवायची नसते. ते शून्य क्षणभर बाजूला ठेव आणि उरलेल्या दोन मोजण्यांतून साधी सरळ रेघ मागे ने. ती Y अक्षाला दोनशे ऐंशीला छेदते. दोन बिंदूंतून रेघ जातेच, त्याने काही सिद्ध होत नाही, हे तू मला सांगू नकोस. पण कोणती गोष्ट माणसांची वाटते ते तरी बघ. एका गावात दहा वर्षांत तीस माणसं वाढतात, ही माणसांची गोष्ट आहे. पहिल्या दहा वर्षांत तीनशे दहा माणसं वाळूतून उगवली आणि पुढच्या दहांत फक्त तीस वाढली, ही कसली गोष्ट आहे? ती तीनशे दहा आली कुठून, आणि आणली कोणी? सेवेरोकाकांच्या होडीत एका वेळी आठ माणसं बसतात, नववं बसलं की सगळी बुडतात.

मागच्या तारखेला मी कोर्टात उभी राहिले ते तुझ्या कानावर आलंच असेल. न्यायाधीशबाई शांत आहेत, ऐकून घेतात. कंपनीचा वकील मात्र मला बघून आधीच हसत होता. "बाई, शाळेतलं गणित शाळेत ठेवा," म्हणाला. मी म्हटलं, "साहेब, हे शाळेतलंच आहे, म्हणून तर कळतंय." मग मी फळा मागून घेतला आणि तुझ्या सूत्रात t उणे दहा घातला, म्हणजे १९८० साल. उत्तर आलं उणे पाचशे नव्वद. मी सगळ्यांना वाचून दाखवलं, की अहवालाप्रमाणे १९८० साली बार्रा सेकामध्ये उणे पाचशे नव्वद माणसं राहत होती. मागच्या बाकावरून तोमासाआजी मोठ्याने म्हणाल्या, "आणि ती खात काय होती ते पण विचार. उणी मासळी?" पट्टेवालासुद्धा हसला. वकील उठून म्हणाला की सूत्र आपल्या मर्यादेतच वापरायचं असतं, १९९० ते २०१०, बाहेर नाही. अगदी बरोबर बोलला, मी मान डोलावली. मग मी बेचाळिसावं पान उघडलं, जिथे तुम्ही त्याच सूत्रात पुढची सालं घालून लिहिलं आहे की २०२२पर्यंत ही वस्ती आपोआप नाहीशी होईल, सबब पुनर्वसनाची तरतूद अनावश्यक. म्हणजे मागे जाताना मर्यादा, आणि पुढे जाऊन आम्हाला पुसून टाकताना मर्यादा नाही. मी म्हटलं, आज २०२४ आहे, आम्ही नाहीसे होऊन दोन वर्षं झाली, आणि नाहीशी माणसं पहाटे उठून ट्रकने इथवर आली आहेत, त्यांना निदान पाणी तरी विचारा. न्यायाधीशबाईंनी खरंच पाणी मागवलं.

पण वकील कच्चा नाही. हशा ओसरल्यावर तो शांतपणे म्हणाला, "१९९०चं शून्य सूत्रातून आलेलं नाही, ते मोजलेलं आहे. मोजणीदार तिथे गेला होता, त्याने घर अन् घर पाहिलं आणि शून्य लिहिलं. सूत्र फेकून द्या, शून्य राहतंच." आणि तेओ, हे त्याचं म्हणणं खरं आहे. मी खाली बसले. स्थिरपद कोणी गणित करून काढत नाही, ते कोणीतरी आणून ठेवतं, बाकीचं सूत्र त्यावर उभं राहतं. मोजणीदार खरंच आला होता. त्याने खरंच सगळं गाव पाहिलं. आणि त्या दिवशी गावात खरंच एकही माणूस नव्हतं. कुत्रंसुद्धा नव्हतं. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्या जागी मीही शून्यच लिहिलं असतं.

आम्ही दुगूला गेलो होतो. पलीकडच्या पुन्ता मोरेनाला, कारण पूर्वजांचं मोठं देऊळ तिथे आहे. दुगू म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू लहानपणी दोन-तीन पाहिले आहेस. घरातलं माणूस कशानेच बरं होत नाही आणि गेलेले लोक स्वप्नात येऊन जेवायला मागतात, तेव्हा तो घालावाच लागतो, आणि रक्ताच्या प्रत्येकाला तिथे जावंच लागतं. म्हातारा, तान्हं, बाळंतीण, कोणी सुटत नाही. एक जरी मागे राहिला तरी गेलेले रुसतात. आणि आपल्या गावात रक्ताचा नाही असा आहे कोण? दारं दोरीने बांधली, चुली विझवल्या, कोंबडे टोपल्यांत घातले, कसाव्याच्या भाकऱ्यांच्या थप्प्या डोक्यावर घेतल्या, आणि सगळं गाव होड्यांतून पलीकडे गेलं. सेवेरोकाका उरलेल्या सामानाची शेवटची खेप न्यायला परत आले होते, तेव्हा धक्क्यावर कागदांची पिशवी घेऊन मोजणीदार उभा. "गावात कोण कोण आहे?" काका म्हणाले, "कोणी नाही." "कोणीच?" "कोणीच नाही साहेब. जाऊन बघा वाटलं तर." सगळे कुठे गेले ते काकांनी सांगितलं नाही. कोणीच सांगितलं नसतं. पाद्री दुगूला सैतानाचं काम म्हणायचे, शिपाई ढोल फोडायचे, ऑफिसवाले दात काढायचे. बाहेरच्या माणसासमोर त्याचं नाव घ्यायचं नाही, हे आपल्याकडे मुलांना चालायच्या आधी शिकवतात. काका बिचारे आता खूप थकले आहेत. पोरं अजूनही त्यांना चिडवतात, "काका, गाव कुठे गेलं हो?" परवा ते माझ्या ओट्यावर बसून म्हणाले, "मी एका दिवसापुरतं सांगितलं होतं, दिओनिसिया. त्यांनी ते कायमचं लिहून घेतलं."

यावर गावात काय रणकंदन झालं म्हणून सांगू. आपली वकील मुलगी हुशार आहे, पण शहरातली आहे. ती म्हणाली, "कोर्टात दुगूबिगू काढू नका. सांगा, मासेमारीला बेटांवर गेलो होतो. ते पटतं." बरेच जण तयारही झाले. मला ते अजिबात मान्य नव्हतं. मी म्हटलं, तान्ही पोरं आणि बाळंतिणी घेऊन मासेमारीला कोण जातं? आणि त्याहून मोठं म्हणजे, आपण आपल्या मेलेल्यांना जेवू घालायला गेलो होतो, हे आपण लपवलं म्हणूनच आज आपण शून्य आहोत. पुन्हा लपवलं तर ते शून्य आपल्याच हाताने घट्ट होईल. माझा आवाज चढला होता. मग सगळ्यांनी तोमासाआजींकडे पाहिलं, कारण त्या बुयेई, गेलेल्यांशी बोलणाऱ्या, त्या दुगूचे ढोल त्यांच्याच शब्दावर वाजले होते, आणि बोलायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा. आजींनी पाइप विझवला. "तेव्हा ते जेवायला आले होते ना? मग कोर्टातही येतील. सांगा तुम्ही. हसायचं त्याला हसू द्या." वकील मुलगीसुद्धा वही मिटून म्हणाली, "ठीक आहे, खरं तेच सांगू या." तर गुरुवारी आम्ही ते नाव भर कोर्टात घेणार आहोत, पूर्ण आवाजात. मला भीती वाटत नाही असं नाही. पण मान खाली घालून जमीन मिळवण्यापेक्षा मान वर ठेवून भांडायला मला आवडतं, हे तुला माहीत आहे.

२०००च्या मोजणीची गंमत तुला कधी सांगितली होती का? तेव्हा तू तेरा वर्षांचा, खाडीवर खेकडे धरत होतास. मोजणीवाली पोरगी आजींच्या दारात आली. "घरात किती जण जेवतात?" आजींनी बोटांवर मोजलं आणि सांगितलं, अकरा. पोरगी आत डोकावली तर तिघं. "बाकीचे?" "चार ब्राँक्सला आहेत, दोन जहाजावर, आणि दोन वारलेत." पोरीने कपाळाला हात लावला. "वारलेले कसे धरायचे, आजी?" आजी म्हणाल्या, "त्यांचंही ताट वाढते मी. तुझ्या कागदात जागा नसेल तर ते तुझ्या कागदाचं बघ." शेवटी तिघंच लिहिले गेले. म्हणून मी तुला म्हणते, तो तीनशे दहाचा आकडासुद्धा कोणी, कोणाला, कोणत्या दारात विचारलं यावर उभा आहे. गणितावर माझा राग नाही. गणिताने मला पोटाला दिलं, नवरा नसताना घर चालवायला दिलं. राग आहे तो आकड्याला विचारायचं सोडून देणाऱ्या माणसांवर. तुझ्यावर तर आहेच, आणि तो जाणार नाही असं दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर सांगितलं नव्हतं, कारण फ्लोराने माझ्याकडून शब्द घेतला होता. तुझी आई ब्राँक्सला गेली, तिथल्या नव्या चर्चमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला आणि मला म्हणाली, "माझ्या मुलाला ती गोष्ट कधीही सांगायची नाही." मी शब्द दिला आणि पाळला. काल तिचा फोन आला. केसचं सगळं तिला कळलं आहे. बराच वेळ ती रडली, मग म्हणाली, "सांग त्याला, ताई. देवाचं मी बघून घेईन." तर ऐक. १९९०चा तो दुगू तुझ्यासाठी होता. तू तीन वर्षांचा होतास. ताप येत होता, जात होता, मग तू चालायचा थांबलास, मग बोलायचा थांबलास. शहरातल्या डॉक्टरांनी दोनदा हात टेकले. आजींच्या स्वप्नात तुझे पणजोबा आले, भूक लागली म्हणाले. वर्षभर गावाने तयारी केली. तुझा आमच्याशी काही संबंध नाही असं म्हणणारं एकही घर निघालं नाही. ज्या सुआसोंच्या घराशी आपलं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं होतं, तेही आपले कोंबडे घेऊन आले. होडीत तू माझ्या पाठीला बांधलेला होतास, मान माझ्या खांद्यावर टाकून, इतका हलका की मी सारखी मागे हात लावून तू आहेस ना ते बघत होते. तिसऱ्या दिवशी ढोलांच्या गलक्यात तू झोळीतून डोकं वर काढलंस आणि खोबऱ्याचा पाव मागितलास. डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरा झालास की पणजोबांनी सोडलं, या वादात मी पडत नाही, मी गणिताची बाई आहे. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी बार्रा सेकामध्ये एकही माणूस मागे राहिला नव्हता, आणि तो का राहिला नव्हता.

याचे उपकार फेड असं मी म्हणत नाही. उपकार म्हणून कोणी गेलंच नव्हतं, जायचं असतं म्हणून गेले. हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. न्यायाधीशबाईंनी मला गावातर्फे सरकारी तज्ज्ञाला प्रश्न विचारायची परवानगी दिली आहे. आमची साक्ष हितसंबंधी ठरते. तुझी ठरणार नाही, तू त्यांचा माणूस म्हणून येतो आहेस, म्हणून तुझ्या एका उत्तरावर आमची घरं उभी आहेत. तुझं उत्तर ऑफिसला आवडलं नाही तर तुझी नोकरी जाईल, हेही मला कळतं आणि त्याने माझा जीव तुटतो. तरीही मी विचारणार आहे. वक्राबद्दल नाही, मर्यादेबद्दल नाही, सूत्राबद्दल एक अक्षर नाही. भर कोर्टात शपथेवर मी तुला एवढंच विचारेन, की इंजिनियर तेओफिलो नोरालेस, १९९०च्या मोजणीच्या दिवशी तुम्ही कुठे होतात, आणि तुमच्याबरोबर कोण कोण होतं? उत्तर तुला कोर्टात, परक्या माणसांसमोर पहिल्यांदा कळू नये, म्हणून आज लिहिलं.

तुझीच,
दिओनिसियामावशी